समुद्राच्या तळाची रेघ: पाण्याखालच्या मॉड्युलर किटमधली सीम पुन्हा पुन्हा का उमटते

"ताई, रेघ परत आली."

आमच्या मोबाइल गेम बनवणाऱ्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाचा रात्री साडेनऊला मेसेज आला आणि खाली फोनचा स्क्रीनशॉट. वर हिरवट पाणी, खाली समुद्राचा तळ, आणि वाळूच्या दोन टाइल, म्हणजे तळाचे चौकोनी तुकडे, जिथे भेटतात बरोबर तिथून आरपार गेलेली एक काळपट रेघ. ही रेघ आम्ही त्याआधी दोनदा घालवली होती. निदान तसं समजून टास्क बंद केला होता.

पहिल्यांदा तिच्यावर शेवाळ आणि शिंपले पसरले होते. महागड्या फोनवर छान दिसलं. पण स्वस्त फोनवर गेम लो सेटिंगला गेला की शेवाळ आपोआप विरळ होतं, आणि खालची रेघ उघडी पडते. दुसऱ्यांदा लेव्हलमध्येच टाइल हाताने दोन-दोन सेंटिमीटर एकमेकींवर सरकवल्या. पुढच्याच आठवड्यात लेव्हल लावणाऱ्याने सगळा तळ निवडून ग्रिडवर स्नॅप केला, म्हणजे ठरलेल्या चौकटीत नेमका बसवला. ते त्याचं कामच होतं. रेघ पुन्हा जागेवर.

अंधेरी-गोरेगावच्या छोट्या टीममध्ये काम करणारी माझ्या ओळखीची बरीच मंडळी याच चक्रातून गेली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ऑफिसात आम्ही तिला सीम म्हणतो, कुणी सांधा म्हणतं. नाव काहीही असो, पाण्याखालच्या किटमध्ये (किट म्हणजे जोडून लेव्हल उभी करायच्या तयार तुकड्यांचा संच) ती जमिनीवरच्या किटपेक्षा जास्त त्रास देते. कारण पाणी ती अर्धवट लपवतं, आणि अर्धवट लपलेल्या गोष्टीचं निदान चुकतं.

आमचं किट असं आहे: ४ बाय ४ आणि ८ बाय ८ मीटरच्या वाळूच्या टाइल, ४ मीटर उंचीचे कड्याचे तुकडे, आतला आणि बाहेरचा कोपरा, उतार, सुटे खडक, प्रवाळाचे गठ्ठे, शेवाळाच्या पट्ट्या. मॉडेलिंग ब्लेंडरमध्ये, गेम युनिटी या इंजिनात, चालतो अँड्रॉइडवर. अनरियल हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे सांगते.

आधी रेघ कुठली ते ओळखा

रेघ दिसली की हात लगेच मॉडेलकडे जातो. थांबा. दिसायला सारख्या असल्या तरी या रेघा चार वेगळ्या कारणांनी उमटतात, आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. मी तीन चाचण्या करते, दहा मिनिटं लागतात.

पहिली: पाण्याचं फॉग (अंतराप्रमाणे दाटणारं धुकं) बंद करा, स्कायबॉक्स (मागचं आकाशाचं चित्र) काढा आणि कॅमेऱ्याचा बॅकग्राउंड भडक गुलाबी करा. आता तळावरून फिरा. रेघेत कुठेही गुलाबी ठिपके चमकले तर तिथे खरंच भोक आहे, दोन तुकड्यांच्या मधून पलीकडचं दिसतंय. एरवी बॅकग्राउंडही पाण्याच्याच रंगाचा ठेवलेला असतो, त्यामुळे भोक हे भोक न वाटता फिकट निळी रेघ वाटते आणि माणूस टेक्स्चर (पृष्ठावर चढवलेलं चित्र) तपासत बसतो. मी स्वतः यात पूर्ण दोन दिवस घालवले आहेत.

दुसरी: सगळ्या तळाला एकच साधं राखाडी मटेरियल लावा, दिवे तसेच ठेवा. रेघ गेली तर दोष टेक्स्चरचा किंवा यूव्हीचा, म्हणजे ते पृष्ठावर कसं बसतं त्या मांडणीचा. रेघ राहिली तर नॉर्मलचा (पृष्ठाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारा बाण) किंवा लाइटमॅपचा (आधीच मोजून साठवलेला उजेड). लाइटमॅप बंद केला की त्या दोघांतला कोणता तेही कळतं.

तिसरी: पाण्याचे सगळे थर बंद करा, मटेरियल मूळचंच ठेवा. आता तळ स्वच्छ दिसला तर दोष पाण्याच्या थराचा. फॉग, कॉस्टिक्सची उजेडाची जाळी, खोलीप्रमाणे बदलणारा रंग, शेवाळाचं डुलणं, हे एकेक करून चालू करा. ज्याच्यासोबत रेघ येते तो दोषी.

आणि हे सगळं एडिटरमध्ये नाही, फोनवर बिल्ड (गेमची चालवता येणारी प्रत) टाकून करा. का, ते पुढे येईलच.

भोक असेल तर

माझे मामा गिरगाव-परळकडे लादी बसवायची कामं करायचे. नवीन माणूस हाताखाली आला की दोरी ताणून दाखवायचे आणि म्हणायचे, "पहिल्या लादीला सूतभर चुकलास तर भिंतीपाशी बोटभर चुकशील." आमच्या टाइलचं तंतोतंत हेच आहे. ब्लेंडरमध्ये स्केल लागू न करता, ०.९९९५ वगैरे राहिलेलं असताना एक्सपोर्ट केलं, तर ४ मीटरची टाइल ३.९९८ मीटरची होते. ग्रिडवर स्नॅप केली तर प्रत्येक सांध्यात २ मिलिमीटरची फट राहते. जवळून काही दिसत नाही, पण कॅमेरा हलला की रेघेत टिमटिम होते. तेच व्हर्टेक्सला (आकाराच्या कोपऱ्यातल्या बिंदूला) व्हर्टेक्स चिकटवत गेलात तर सांधे बंद दिसतात, पण ४० टाइलनंतर ८ सेंटिमीटरचा घाटा साचतो आणि वर्तुळ पूर्ण करताना शेवटची टाइल बसतच नाही.

तेव्हा एक्सपोर्टआधी कंट्रोल-ए करून स्केल आणि रोटेशन लागू करा. पिव्हट, म्हणजे तुकडा ज्या बिंदूवरून ठेवला-फिरवला जातो तो, टाइलच्या कोपऱ्यात, अगदी शून्यावर. मधोमध ठेवलेला पिव्हट ४ आणि ८ मीटरच्या टाइल मिसळल्या की ग्रिडशी भांडतो. युनिटीत १ युनिट म्हणजे १ मीटर, अनरियलमध्ये १ सेंटिमीटर. तिथे ४ मीटरची टाइल ४०० ची दिसायला हवी, ३९९.८ ची नव्हे.

मापं बरोबर असूनही गुलाबी ठिपके येत असतील तर दोन शक्यता. एक, ८ मीटरच्या टाइलच्या कडेवर कमी व्हर्टेक्स आहेत आणि तिच्या शेजारी दोन ४ मीटरच्या टाइल जास्त व्हर्टेक्सच्या आहेत. एका बाजूला बिंदू आहे, समोर नुसती रेषा आहे. अशा जागी रास्टरायझर, म्हणजे आकारांचे पिक्सेल करणारा भाग, दोन्ही कडा एकाच पिक्सेलवर आणत नाही, बारीक छिद्रं राहतात. कडेवर दर अर्ध्या मीटरला एक व्हर्टेक्स असं सगळ्या टाइलना सारखं माप द्या. दुसरी शक्यता एलओडीची, म्हणजे एकाच तुकड्याच्या कमी-जास्त तपशिलाच्या आवृत्त्यांची: जवळची टाइल पूर्ण तपशिलाची, पलीकडची कमी तपशिलाची, आणि डेसिमेटने (ब्लेंडरमधलं तपशील कमी करणारं साधन) तिची कड हलवलेली. कडेचे व्हर्टेक्स वेगळ्या ग्रुपमध्ये टाकून डेसिमेटला त्यांच्यापासून लांब ठेवा.

त्यावरही मी प्रत्येक टाइलच्या चारही कडांना खाली २० सेंटिमीटरची झालर सोडते. झालरीचे नॉर्मल वरच्या कडेचेच घेतलेले. कुठे केसभर फट राहिलीच तर तिच्यातून पाणी दिसण्याऐवजी वाळूच दिसते. मात्र झालर आहे म्हणून माप सैल ठेवू नका.

राखाडीतही रेघ राहिली तर

त्या रात्री मुलाला दोन्ही चाचण्या करायला सांगितल्या. गुलाबी कुठेच चमकलं नाही. राखाडीत रेघ तशीच राहिली. म्हणजे नॉर्मल, कारण लाइटमॅप आम्ही तळाला लावतच नाही.

मॉड्युलर किटमधली ही सगळ्यात जुनी दुखरी जागा. व्हर्टेक्सचा नॉर्मल त्याच्याभोवतीच्या पृष्ठांची सरासरी काढून ठरतो. टाइलच्या आतल्या व्हर्टेक्सला चारही बाजूंना पृष्ठं असतात. कडेवरच्या व्हर्टेक्सला फक्त एकाच बाजूला असतात. शेजारची टाइल ही वेगळी फाइल, तिचं अस्तित्व ब्लेंडरला माहीतच नाही. त्यामुळे एकाच जागेवर दोन टाइलचे दोन नॉर्मल दोन दिशांना झुकतात, आणि वरून येणारा उजेड सांध्याच्या अल्याड-पल्याड वेगळा पडतो. जमिनीवरच्या लेव्हलमध्ये ऊन तिरपं असतं, सावल्या असतात, डोळा इकडेतिकडे जातो. पाण्याखाली उजेड वरून, मऊ, सगळीकडे सारखा. अशा उजेडात दोन अंशांचा फरकही सरळ रेघ होऊन दिसतो.

उपाय टाइलमध्ये नाही, कडेत आहे. आम्ही एक कडेचा साचा केला: एक वेगळी ब्लेंडर फाइल, तिच्यात फक्त ४ मीटरची कड. त्यावरचे ९ व्हर्टेक्स, त्यांची उंची आणि त्यांचे नॉर्मल ठरलेले. प्रत्येक नवीन टाइल या फाइलपासून सुरू होते. हे नॉर्मल ब्लेंडरमधल्या डेटा ट्रान्सफर या मॉडिफायरने (आकारावर क्रमाने लागू होणारी प्रक्रिया) साच्यावरून टाइलच्या कडेवर उतरतात. ब्लेंडर ४.१ च्या आधीच्या आवृत्तीत त्यासाठी ऑटो स्मूथ चालू असावं लागायचं. जुन्या फाइल उघडताना तेवढं पाहा. एक्सपोर्टची एफबीएक्स फाइल काढताना मॉडिफायर लागू करण्याची खूण असू द्या, आणि युनिटीच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये नॉर्मल "इम्पोर्ट" वर ठेवा. "कॅल्क्युलेट" वर गेलं की इंजिन स्वतःचे नॉर्मल काढतं आणि साच्यावरची सगळी मेहनत पुसली जाते.

साच्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. टाइल फिरवून लावायच्या असतील तर कडेवरचा नॉर्मल कडेच्या आडव्या दिशेला अजिबात झुकलेला चालत नाही. समजा तो टाइलच्या आतल्या बाजूला तीन अंश झुकलाय. समोरच्या टाइलचाही तिच्या आतल्या बाजूला तीन अंश. दोन्ही टाइल "साच्याप्रमाणे" बरोबर आहेत, तरी सांध्यावर सहा अंशांचा फरक. नॉर्मल कडेच्या लांबीच्या दिशेने झुकला तर चालेल, आडवा नाही. चारही कोपऱ्यांवर तो सरळ वर. कडेची उंचसखल आकृतीही मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर टाइल फिरवली की उंचवट्यासमोर खळगा येतो. नुसता नॉर्मल दामटून सरळ केला आणि खाली मेश (तुकड्याचा प्रत्यक्ष आकार) उतरतच राहिला तर उजेड खोटा वाटतो, म्हणून कडेजवळचे २०-३० सेंटिमीटर खरोखरच मंद उताराचे ठेवा.

लाइटमॅपबद्दल थोडक्यात: युनिटीतलं स्टिच सीम्स हे सेटिंग एकाच ऑब्जेक्टच्या आतले सांधे जुळवतं, दोन वेगळ्या ऑब्जेक्टमधले नाही. त्यामुळे मॉड्युलर तळाला त्याचा उपयोग नाही. माझं मत विचाराल तर पाण्याखालच्या तळाला बेक केलेला उजेड लागतच नाही. लाइट प्रोब (ठरावीक बिंदूंवर मोजलेला उजेड) आणि खोलीप्रमाणे कमी होणारा उजेड पुरतो.

राखाडीत रेघ गेली तर

मग टेक्स्चर. रेघ फक्त लांबून दिसते, जवळ गेलं की जाते, असं असेल तर मिपमॅपमध्ये (लांबून वापरायच्या टेक्स्चरच्या लहान प्रतींमध्ये) शेजारचा रंग झिरपतोय. एकाच ॲटलसमध्ये, म्हणजे एका मोठ्या सामाईक टेक्स्चरमध्ये, वाळू, खडक, प्रवाळ शेजारी-शेजारी ठेवले की हे होतं. प्रत्येक मिपला ॲटलस निम्मा होतो, तसं मधलं अंतरही निम्मं होतं: ८ पिक्सेलचं अंतर तीन पायऱ्यांत १ पिक्सेलवर येतं. वाळूला ॲटलसमध्ये घालूच नका. तिला स्वतःचं, चारही बाजूंनी जुळणारं टेक्स्चर द्या आणि रॅप मोड रिपीटवर आहे ना ते पाहा. खडकांच्या सांध्यांवर उंचवटे उलटे, खळग्यासारखे दिसत असतील तर नॉर्मल मॅपचा (उंचवट्यांचा भास देणाऱ्या टेक्स्चरचा) हिरवा चॅनेल उलटा आहे. ब्लेंडर आणि युनिटी एका रीतीने वाचतात, अनरियल दुसऱ्या.

पण वाळूच्या बाबतीत एक रेघ अशी असते की जिच्यात तांत्रिक दोष काहीच सापडत नाही. सगळं जुळलेलं, तरी सांधा डोळ्यात खुपतो. ती मला जुहूच्या चौपाटीवर समजली. ओहोटीला पाणी बरंच आत गेलं होतं. ओल्या वाळूवर लाटांनी उठवलेल्या बारीक वळ्या, त्यांच्यात पाणी थांबलेलं. मापासाठी चप्पल शेजारी ठेवून फोटो काढत होते. दहा-बारा फोटो झाल्यावर लक्षात आलं की जिथे बघावं तिथे वळ्या एकाच दिशेच्या आहेत, साधारण पाण्याच्या कडेला समांतर. एक बाजू मंद उताराची, दुसरी जरा उभी. मैलभर चाललात तरी दिशा हळूहळू वळेल, एकदम काटकोनात कधीच जाणार नाही.

आणि आमच्या लेव्हलमध्ये टाइल "वेगळी वाटावी" म्हणून ९० अंशांत फिरवलेली. एका चौकोनात वळ्या उभ्या, शेजारच्यात आडव्या. समुद्रात असं होत नाही, आणि समुद्र ज्याने फक्त किनाऱ्यावरून पाहिलाय त्यालाही ते कळतं. कारण सांगता येणार नाही, पण कळतं.

तेव्हापासून वळ्या टाइलच्या टेक्स्चरमध्ये नाहीत. टाइलवर फक्त दाणेदार वाळू. ती कशीही फिरवा. वळ्यांचा नॉर्मल मॅप शेडरमध्ये (पृष्ठाचा रंग आणि उजेड काढणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) वेगळा थर म्हणून, जगाच्या एक्स-झेड मापावरून टाकलेला, आणि दिशा पूर्ण लेव्हलला एकच. तळ लगेच एकसंध दिसायला लागला. या किटमध्ये मला सगळ्यात जास्त आनंद त्या बदलाने दिला.

पाणी चालू केल्यावरच रेघ येत असेल तर

इथे मी एकच कसोटी लावते. जे समुद्राचं आहे ते जगाच्या मापाने मोजायचं, जे तुकड्याचं आहे ते तुकड्याच्या मापाने. गडबड होते ती यांची अदलाबदल झाली की.

कॉस्टिक्स, म्हणजे लाटांमधून वाकून तळावर नाचणारी उजेडाची जाळी, समुद्राची आहे. ती यूव्हीवरून टाकली तर फिरवलेल्या टाइलवर जाळीही फिरते आणि सांध्यावर तुटते. खोलीप्रमाणे बदलणारा रंगही समुद्राचा. स्वच्छ पाण्यात लाल रंग पहिल्या ५-१० मीटरांतच बहुतेक शोषला जातो, निळा सगळ्यात खोल पोहोचतो. आपल्या किनाऱ्याजवळ गाळ आणि सूक्ष्म वनस्पती इतक्या असतात की पाणी हिरवट-तपकिरीच दिसतं. तो रंग जर ऑब्जेक्टच्या स्थानिक उंचीवरून काढला तर एकावर एक रचलेल्या कड्याच्या तुकड्यांवर पट्टे उमटतात: प्रत्येक ४ मीटरला वर उजळ, खाली गडद, पुन्हा उजळ. तिथे पाण्याच्या पृष्ठभागाची उंची वजा जगातली उंची, एवढंच घ्या. फॉग व्हर्टेक्सवर मोजत असाल तर कडेचे व्हर्टेक्स जुळलेच पाहिजेत. साचा असेल तर ते आपोआप होतं.

शेवाळाचं उलटं आहे. पट्टीचं मूळ स्थिर, टोक डुलणारं. बुडापासून किती उंच, ही माहिती त्या पट्टीची स्वतःची. बरेच शेडर ती स्थानिक उंचीवरून काढतात. एडिटरमध्ये छान डुलतं, गेम चालू केला की बुडासकट सगळं सरकतं. याचं कारण स्टॅटिक बॅचिंग. त्यात अनेक मेश एकत्र करून एकच केला जातो, प्रत्येक पट्टीचा स्वतःचा शून्यबिंदू उरत नाही, आणि शेडरला वाटतं बूड कुठेतरी भलतीकडे आहे. शेवाळावरची स्टॅटिक खूण काढा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे उंची व्हर्टेक्स कलरमध्ये रंगवून ठेवा: बुडाला काळा, टोकाला पांढरा. मग बॅचिंग झालं तरी माहिती तुकड्यासोबत राहते.

आता फोनवर का तपासायचं ते. एकदा घरी जाताना लोकलमध्ये बिल्ड उघडून बसले होते. ऑफिसात निघताना पाहिलं तेव्हा ठीक होती. अंधेरीला चालू केलेला गेम दादर यायच्या आत बिघडला होता. आधी शेवाळ गचके देत हलायला लागलं, मग कॉस्टिक्सची जाळी चौकोनी ठोकळ्यांची झाली, आणि टाइलच्या सांध्यांवर ती पायरीसारखी तुटलेली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर अर्धा तास चालवली, काहीच नाही.

कारण शेडरमध्ये जगातली जागा आणि वेळ दोन्ही "हाफ" मध्ये ठेवले होते. डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड बहुधा हाफ लिहिलेलं असलं तरी पूर्ण अचूकतेने हिशेब करतात. फोन खरोखर १६ बिटांत करतो. त्या १६ बिटांत आकडा मोठा झाला की पायऱ्या मोठ्या होतात. मूळ बिंदूपासून ६४ ते १२८ मीटरमध्ये एक पायरी सुमारे ६ सेंटिमीटरची, त्यापुढे १२ सेंटिमीटरची. वेळेचंही तसंच: १२८ सेकंदांच्या पुढे घड्याळ १/८ सेकंदाच्या उड्या मारतं, १७ मिनिटांनंतर पूर्ण एका सेकंदाच्या. चाचणी करणारा दोन मिनिटं खेळून "ओके" लिहितो. खेळणारा वीस मिनिटं बसतो.

म्हणून जगातली जागा आणि वेळ नेहमी फ्लोटमध्ये, म्हणजे ३२ बिटांत. पॅटर्नच्या मापाने भागून अपूर्णांक काढून घेतला, म्हणजे आकडा शून्य ते एकच्या आत आला, की मगच हाफ वापरा. आणि चाचणीच्या लेव्हलमध्ये एक कोपरा मुद्दाम मूळ बिंदूपासून ३०० मीटरवर ठेवा.

पाण्याच्या पृष्ठभागाचे तुकडे करू नका. पारदर्शक पत्रे एकमेकांवर आले तर सांध्यावर रंग दुप्पट गडद होतो, दूर ठेवले तर फट. एकच मोठा पृष्ठभाग टाका.

खडक वाळूत कसा शिरतो

ही रेघ सरळ नसते, वाकडीतिकडी असते, म्हणून कुणी तक्रार करत नाही. तरी तळ खोटा वाटण्याचं निम्मं कारण तीच असते. सुटा खडक टाइलमध्ये खुपसला की जिथे छेद जातो तिथे सुरीने कापल्यासारखी कड दिसते.

खरा सांधा पाहायचा तर उधाणाच्या दिवशी, ओहोटी पूर्ण लागलेली असताना कार्टर रोडच्या किंवा हाजी अलीच्या कातळावर जा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो, त्यामुळे एरवी पाण्याखाली असलेला बराच भाग चालत जाऊन बघता येतो. मरीन लाइफ ऑफ मुंबई ही मंडळी २०१७ पासून तिथे लोकांना घेऊन फिरतात. त्यांच्यासोबत गेलात तर कुठे पाय ठेवायचा नाही हेही कळेल. हाजी अलीला झोअँथिडचे, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ जीवांचे, गालिचे काळ्या दगडावर हिरवे-तपकिरी पसरलेले दिसतात. इथल्या आणि वरळीच्या कातळावर खरे प्रवाळही आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी त्यांतल्या काही वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवल्या होत्या. आपल्या किटमध्ये शहराच्या पायाशी असलेलं हे रूप यावं असं मला मनापासून वाटतं. प्रवाळ म्हटलं की दरवेळी तेच गुलाबी फांदीचं झाड कशाला?

खडकाच्या पायथ्याशी बसून नीट बघा. एका बाजूला वाळू दगडावर दोन बोटं चढलेली, बारीक होत गेलेली. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या वळशाने खळगा पडलेला आणि त्यात शिंपल्यांचा चुरा जमलेला. वाळूच्या वरच्या चार बोटांत दगड हिरवा, निसरडा. कुठेही एक रेषा नाही.

शेडरमध्ये ते असं आणलं: खडकाचा जो भाग तळापासून १५ सेंटिमीटरच्या आत आहे आणि ज्याचं तोंड वरच्या दिशेला आहे, त्यावर वाळू मिसळायची, मिसळण्याची कड वाळूच्या हाइट मॅपने (उंचसखलपणा साठवणाऱ्या टेक्स्चरने) खडबडीत करायची. अनरियलमध्ये रनटाइम व्हर्च्युअल टेक्स्चर यासाठी सोयीचं. फोनवर आम्ही तळाची उंची व्हर्टेक्समध्ये साठवतो, कारण डेप्थ टेक्स्चर (कॅमेऱ्यापासूनचं अंतर साठवणारं चित्र) वाचणं फोनला जड जातं. चुऱ्याचे आणि खड्यांचे दोन-तीन छोटे तुकडे खळग्याच्या बाजूला ठेवतो. ते नसले तरी सांधा चालला पाहिजे, हे मात्र आधी पाहून घेतो.

पुन्हा येऊ नये म्हणून

लेव्हलमध्ये कुणीही सीम दुरुस्त करायची नाही, असं आम्ही ठरवलंय. दिसली की किटच्या फाइलमध्ये. लेव्हलमध्ये सरकवलेली टाइल आज-उद्या कुणीतरी सरळ करणारच.

दुसरं, एक चाचणीचा सीन: ३ बाय ३ टाइलचे पट, प्रत्येक टाइल मध्यभागी, भोवती बाकीच्या चारही दिशांना फिरवलेल्या. वर गुलाबी, राखाडी आणि पाणी अशी तीन बटणं.

तिसरं, ब्लेंडरमधली तीस-चाळीस ओळींची पायथन स्क्रिप्ट. टाइलच्या चारही कडांवरचे व्हर्टेक्स उचलते, साच्याशी ताडते. जागेत ०.१ मिलिमीटरपेक्षा किंवा नॉर्मलमध्ये एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर टाइलचं नाव लाल अक्षरांत. ती चालवल्याशिवाय फाइल पुढे जात नाही.

त्या रात्रीही मी मुलाला स्क्रिप्ट चालवायला सांगितली. सगळ्या टाइल पास. तो गोंधळला, मीही. मग विचारलं, रेघ कुठल्या फोनवर आहे? ऑफिसातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर. दुसऱ्या फोनवर? नाही. तिथे उलगडलं. लो सेटिंगला गेम जवळच्या टाइललाही एलओडी १ चा मेश लावतो, आणि एलओडी १ आम्ही डेसिमेटने काढलेला. व्हर्टेक्सच्या जागा ग्रुपने धरून ठेवल्या होत्या, म्हणून गुलाबी चमकलं नव्हतं. पण डेटा ट्रान्सफर लावला होता डेसिमेटच्या आधी. आतली पृष्ठं बदलल्यावर कडेचे नॉर्मल पुन्हा विस्कटले. स्क्रिप्ट फक्त एलओडी शून्य, म्हणजे पूर्ण तपशिलाची टाइल, तपासत होती.

मॉडिफायरचा क्रम बदलला: आधी डेसिमेट, मग डेटा ट्रान्सफर. स्क्रिप्टला सगळे एलओडी तपासायला लावलं. पावणेअकराला त्याचा मेसेज आला: "ताई, एलओडी १ झालं, रेघ नाही. पण एलओडी २ च्या सहा टाइल आता लाल दाखवतेय. आत्ताच करू का?"

मी लिहिलं, कर. आणि कड्याचे कोपरेही चालवून बघ.